जळगावसाठी फोन

"काकू, आधी एक सांगा, तुम्हाला फोनवर नेमकं करायचं काय आहे?" काउंटरमागच्या तबस्सुमने विचारलं.

"बोलायचं आहे."

ती हसली. "बोलायला काय, सगळ्याच फोनवर बोलता येतंय की. मी म्हणते, फोटो काढणार, व्हिडिओ बघणार, भजनं ऐकणार, नातवंडांना गेम लावून देणार?"

"बोलायचंच आहे. जळगावशी."

तबस्सुमने माझ्या सुनेकडे पाहिलं. पद्मजा शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. फोन घ्यायचा ठरल्यापासून चार दिवस ती तक्ताच करत होती. पंधरा फोनांतून गाळून गाळून तिने दोन ठेवले होते, आणि ते दोन आता सांगलीतल्या त्या दुकानात काचेच्या टेबलावर माझ्यापुढे होते. एक निळा, तळहातात मावणारा. दुसरा काळा, पोरांच्या पाटीएवढा.

"काळ्याचा पडदा मोठा आहे आई, समोरचा कॅमेरा पण फार छान," पद्मजा म्हणाली. "निळ्याचा आवाज चांगला म्हणतात. बाकी दोघं सारखेच. मला विचाराल तर काळा घ्या, अक्षरं मोठी दिसतील."

"अक्षरं वाचायला मला चष्मा आहे," मी म्हणाले. "आवाजाचं बघू."

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होते. डोळे अधू झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण कान मात्र शाबूत होते. त्या कानांवरच माझी नोकरी झाली होती. टेलिफोन खात्यात मी ट्रंक ऑपरेटर होते. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं, की तेव्हा परगावी फोन लावायचा म्हणजे आधी नोंदवावा लागे आणि मग तासन् तास वाट बघावी लागे. आम्ही कानाला हेडफोन लावून फळीसमोर बसायचो आणि दोऱ्या खुपसून गावाला गाव जोडून द्यायचो. ऑपरेटर एकमेकींना नावाने हाक मारत नसत. गावाच्या नावाने मारत. "हां पुणे, बोला." "सोलापूर, लाइन द्या." मी तीस वर्षं सांगली होते.

आणि ती जळगाव होती.

आमचं पहिलं बोलणं भांडणाचं होतं. इकडचा हळदीचा एक व्यापारी तिकडच्या डाळीच्या व्यापाऱ्याशी बोलताना लाइन तुटली. मी म्हणाले, दोष तुमच्या बाजूला आहे. ती म्हणाली, आमच्याकडून साफ आहे, दोष तुमच्या बाजूला. वीस मिनिटं आम्ही ह्यावर भांडलो, आणि त्या भांडणात लाइन इतकी साफ चालली होती की दोघींनाही एकदम हसू आलं. तिचं नाव प्रमिला झोपे. नाव झोपे, पण रात्रपाळीला तिच्याइतकी जागी बाई साऱ्या महाराष्ट्रात नसेल. कुठल्याही लाइनवर नुसता श्वास ऐकून ती सांगायची, हे नाशिक आहे, ह्याला सर्दी झालीय.

लग्नं झाली, मुलं झाली, यंत्रं बदलली, आम्ही निवृत्त झालो, तरी दर रविवारी अकरा वाजता आमचा फोन ठरलेला. एकमेकींना आम्ही कधी पाहिलं नाही. सांगलीहून महाराष्ट्र एक्स्प्रेस रोज जळगावला जाते. दरवर्षी आम्ही ठरवायचो आणि दरवर्षी कुणाची तरी परीक्षा नाहीतर कुणाचं तरी बाळंतपण निघायचं. पुढेपुढे पद्मजा आणि प्रमिलाची सून हेमांगी आमच्या तब्येतीचे निरोप आपापल्या मोबाइलवर एकमेकींना द्यायला लागल्या. पद्मजा एकदा म्हणाली, "हेमांगीकडून जळगावच्या आईंचा फोटो मागवू का?" मी नको म्हणाले. चाळीस वर्षं मनात एक बाई बसली होती. घारी, धिप्पाड, मोठं कुंकू लावणारी. तिला उठवायचं जिवावर आलं.

पण त्याआधीच्या दोन वर्षांत रविवार आखडत चालला होता. तासाचा अर्धा झाला, अर्ध्याचा पाच मिनिटांवर आला. ती सारखी म्हणायची, "काय? काय म्हटलं? तुह्या फोनात लय खरखर येऊ राहिली, सांगली. फेक तो डबडा." माझ्याकडे बटणांचा जुना फोन होता. मला त्यात खरखर ऐकू येत नव्हती, पण म्हटलं, तिच्या बाजूला येत असेल. मागच्या रविवारी मात्र ती दोन मिनिटांत थांबली आणि म्हणाली, "असं करू, आता पत्रच लिहू. फोन राहू दे." आणि ठेवून दिला.

तिला पत्र लिहायचा किती कंटाळा, हे मला ठाऊक होतं. त्या पत्राचा अर्थ एवढाच, की आता संपलं. म्हणून मी सोमवारी सकाळी पद्मजाला म्हणाले, मला चांगला फोन हवा, आणि तो ह्याच आठवड्यात हवा.

"काकू, आवाज बघायचा तर तुमचंच सिम घालून बघा," तबस्सुम म्हणाली. "पण ते मोठं आहे, कापून बारीक करावं लागेल. मग जुन्या फोनात परत बसायचं नाही हां."

"काप."

तिने चिमट्यासारख्या यंत्रात घालून सिम कापलं. परतीचे दोर आपणच कापल्यासारखं मला वाटलं. काळ्या फोनात ते बसवून तिने नंबर लावून दिला. गुरुवार होता, भलत्या वारी आलेला फोन बघून जळगाव दचकेल असं वाटलं.

"कोण?" जळगाव ओरडलं.

"सांगली बोलतेय. नवीन फोन बघतेय. येतोय का आवाज?"

"काय?"

"नवीन फोन."

"खरखर आहे वं, लय खरखर आहे. काहीच कळू नाही राहिलं."

मी फोन कानावरून काढला आणि मान हलवली. पद्मजाने तक्त्यात काळ्यापुढे काहीतरी खूण केली. सिम निळ्यात गेलं, आणि मी पुन्हा नंबर लावला.

निळ्याचा आवाज म्हणजे आवाज होता. जळगावने 'हॅलो' म्हटलं आणि मला तिच्या घरातला पंखा ऐकू आला. पंख्याचं एक पातं थोडं घासत होतं. खिडकीबाहेर कुणीतरी जुने डबे-पत्रे विकत घेत ओरडत होता. नोकरीतही इतकी साफ लाइन मला क्वचित मिळाली असेल. मी खूश होऊन पद्मजाला अंगठा दाखवला.

"जळगाव, आता? आता कसं येतंय?"

"तसंच आहे. खरखर."

मी थोडी थांबले. आणि त्या थांबण्यात मला चिमणीचा आवाज आला. चिवचिव, चिवचिव. पण चिमणी एका सुरात, एवढ्या मोजून ओरडत नाही. ती दाराची बेल होती. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. मग पुन्हा. मग कुणीतरी दारावर हाताने थापा मारल्या आणि लांबून एक बाई म्हणाली, "आई, दार उघडा. आई."

"जळगाव," मी म्हणाले, "तुझी बेल वाजतेय."

"हां, आता थोडं बरं येऊ राहिलं," ती म्हणाली.

बेल पाचव्यांदा वाजली. मी काहीच बोलले नाही.

"हो, हो," माझ्या त्या गप्प बसण्याला ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं. पण खरखर आहेच."

लाइनवर कसलीही खरखर नव्हती. तिच्या बेलची चिमणी मला सहाशे किलोमीटरवरून ऐकू येत होती आणि ती तिच्यापासून दहा पावलांवर होती. दोष कुठल्या बाजूला आहे हे शोधायचंच काम मी तीस वर्षं केलं होतं. मला कळलं. आणि तिलाही ते कळलेलं आहे, दोन वर्षांपासून कळलेलं आहे, हेही कळलं.

"ठेवते," मी म्हणाले आणि ठेवला.

"मग निळा ना?" पद्मजाने विचारलं. "तुमचा चेहरा सांगतोय. आवाज मस्त आहे ना?"

"आवाज फार सुंदर आहे," मी म्हणाले. "काळा दे गं, तबस्सुम."

तबस्सुमने निळ्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"काकू, आत्ता तर तुम्ही म्हणाला—"

"मला मोठा पडदा हवा आहे. आणि तो पुढचा कॅमेरा."

"आई, मी चार दिवस तेच सांगत होते," पद्मजा म्हणाली, "आणि तुम्ही आवाज-आवाज करत होता. आता काय झालं?"

"आधी मला हेमांगीला फोन लावून दे. तुझ्या फोनवरून."

हेमांगीने पहिल्याच घंटेला उचलला. ती धापा टाकत होती. "पद्मजाताई, नंतर करते हं. मी भाजी घेऊन दाराबाहेर उभी आहे, दहा मिनिटं झाली. आई आत आहेत आणि दार उघडत नाहीत."

"मी सांगली बोलतेय," मी म्हणाले. "मला तुझी बेल ऐकू आली. थापाही ऐकू आल्या."

ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्हाला कळलं तर."

"कधीपासून आहे?"

"दोन वर्षं होतील. पण कबूलच करत नाहीत. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणाल्या, तीस वर्षं ह्या कानांनी पोट भरलं, आणि तू मला बहिरी ठरवतेस." मग ती म्हणाली, "थांबा, खिडकीतून दिसले मी त्यांना. येताहेत."

"दार उघडायच्या आत ऐक. रविवारी अकरा वाजता तुझा मोठा फोन तिच्यासमोर धर. चेहरा दिसतो ना, तसा. आणि तिला सांग, सांगलीची बाई ठार बहिरी झालीय. ओठ बघितल्याशिवाय तिला काही कळत नाही. म्हणून पलीकडून प्रत्येक शब्द सावकाश आणि समोर बघून बोलावा लागेल."

"तुम्ही बहिऱ्या झालात?"

"रविवारपासून," मी म्हणाले.

तबस्सुमने काळ्या फोनाचं खोकं पिशवीत घातलं आणि निळा कपाटात ठेवला. रिक्षात बसल्यावर पद्मजाने तक्त्याची घडी घालून पर्समध्ये टाकली. "ह्यात हा रकानाच नव्हता," ती म्हणाली.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं की तिला. पण सोनाराला कसं म्हणायचं, तुझा काटा खोटा आहे? मला तोंड नव्हतं. शिवाय माझ्या कानांचं मला काही सिद्ध करायचं राहिलं नव्हतं. बहिरेपण ज्याला ओझं नाही त्याने उचलावं, एवढाच हिशोब होता.

रविवारी अकराला मी नवं इरकली लुगडं नेसून फोनसमोर बसले. पद्मजाने तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. घंटा वाजली, पडदा उजळला आणि त्यात एक इवलीशी, चिमणीएवढी बाई दिसली. सावळी, तरतरीत, चष्म्यामागे मोठे काळे डोळे. धिप्पाड नाही, घारी नाही, कुंकवाच्या जागी बारीकशी टिकली.

तिने मला नखशिखांत न्याहाळलं. जेवढी दिसत होते तेवढी.

"सांगली?" ती म्हणाली.

"जळगाव."

"तू तर केस कापलेली निघाली वं," ती म्हणाली. "मले वाटलं, लांब शेपटा असेल. आवाजात शेपटा होता तुह्या."

"आणि मला वाटलं, तू दारातून आडवी जात असशील."

ती खो खो हसली. मी सावकाश, ओठ मोठे करून बोलले होते आणि तिला सगळं कळलं होतं. मग तिने मला दटावायला सुरुवात केली. "हेमांगीनं सांगितलं मले. तरी मी म्हणू राहिली होती, खरखर कशाची आहे. दोष तुह्या बाजूले होता."

"माझ्याच बाजूला होता," मी म्हणाले. सबंध नोकरीत कधी न म्हटलेलं हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

ती त्यावर जी खुलली ती तासभर खुललेलीच राहिली. माझ्यासाठी म्हणून ती एकेक शब्द चावून, हातवारे करत बोलायची. मी तशीच उत्तरं द्यायची. मध्येच ती म्हणायची, "काय? तोंड इकडं कर ना, मले दिसलं नाही तं तुले कसं कळंल." ह्या वाक्यात काही घोळ आहे हे तिला जाणवलं नाही, की जाणवूनही तिने पुढे रेटलं, मी विचारलं नाही. दोन वर्षांची तुंबलेली बातमी होती. तिच्या धाकट्याने दुसऱ्या जातीतली सून आणली होती आणि तीच मोठीपेक्षा गोड निघाली होती. माझ्या पेन्शनची फाइल हरवून सापडली होती. फोन ठेवला तेव्हा साडेबारा झाले होते आणि माझे जबडे दुखत होते.

तिसऱ्या रविवारी तिने मला सरळच विचारलं, "कानाचं मशीन का घेत नाहीस?"

मी काय सांगणार? म्हणाले, "लाज वाटते."

"लाज कशाची त्यात? चष्म्याची वाटते का?"

"चष्मा सगळेच लावतात. मशीन लावलं की लोक ओरडून बोलतात. आणि मी ऑपरेटर होते गं. लोक काय म्हणतील?"

ती पदर खांद्यावर नीट घेत म्हणाली, "असं कर. मीबी घेते. मले गरज नाही, पण तुह्या सोबतीले घेते. दोघी लावू, म्हणजे तुले एकटीले वाटणार नाही."

फोनच्या आडोशाला बसून ऐकणाऱ्या पद्मजाने तोंडावर हात धरला. पलीकडून हेमांगीचं दाबलेलं हसू मला ऐकू आलं.

पंधरा दिवसांत तिने मशीन घेतलं. हेमांगीचा निरोप आला, आई स्वतःहून डॉक्टरकडे आल्या, तपासणी झाली, आणि येताना रस्त्यात थांबून कुठलासा पक्षी ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हा मेला अजून आहे का.

आता पेच माझा. सोबत म्हटल्यावर मलाही काहीतरी लावणं आलं. धडक्या कानाला मशीन कोण देणार? शेवटी पद्मजाने समोरच्या आण्णा मगदूमांचं बिघडलेलं मशीन मागून आणलं. "कशाला हवंय?" असं त्यांनी तीनदा विचारलं आणि तिने तीनदा सांगितलं, पण आण्णांना ऐकू आलं नाही, कारण त्यांचं चालू मशीनही त्या दिवशी चार्जिंगला होतं. ते बंद मशीन कानात म्हणजे बूच मारल्यासारखं बसलं. रविवारी ते घालून मी ऐटीत फोनसमोर बसले.

जळगाव पडद्यावर आली. तिच्या कानामागे छोटं, तपकिरी काहीतरी चमकत होतं. चेहरा उजळला होता.

"मस्त दिसते," ती म्हणाली. "शोभते तुले मशीन."

"तुलाही शोभतंय."

"कसं येऊ राहिलं?"

"फार छान. अगदी साफ."

"चांगलं झालं," ती म्हणाली. मग तिने पदराने तोंड पुसलं. पुसता पुसता पदर तोंडावरच राहिला, आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा, साहेब मागे उभा असताना आम्ही लाइनवर वापरायचो तो खालचा, अगदी बारीक आवाज आला.

"सांगली, तुह्या मागं भिंतीवर पाल आहे."

मी खुर्चीवरून उठून दोन पावलं बाजूला झालेसुद्धा. मागे वळून पाहिलं. भिंत कोरी होती.

परत वळले तेव्हा तिने पदर खाली घेतला होता. ती हसत नव्हती, नुसती बघत होती.

"बस," ती म्हणाली. "पाल नाही. अन् एवढं बारीक तं मशीन लावूनबी मले ऐकू येत नाही."

मी बसले. कानातलं बूच सरकून गालावर लोंबत होतं.

"केव्हा कळलं तुला?"

"पहिल्याच रविवारी. बहिरं माणूस दर दोन वाक्यांले 'काय' म्हणते. मी दोन वर्षं म्हणू राहिली, मले नाही माहीत? तू दीड तास बोलली अन् एकदा 'काय' म्हटलं नाही."

"मग मशीन कशाला घेतलंस? सरळ मला झाडायचं होतंस."

तिने कानामागे बोट नेलं, तिथे काहीतरी नीट बसवलं.

"तू माह्यासाठी एवढा मोठा फोन घेतला," ती म्हणाली, "अन् मी एवढंसं मशीन घेऊ नको?"

तिने मागे वळून पाहिलं आणि पडद्याच्या अगदी जवळ आली, इतकी की नुसता चष्मा दिसायला लागला.

"ते काढ कानातलं," ती म्हणाली. "अन् आता जरा हळू बोल. हेमांगी स्वयंपाकघरात आहे, अन् मले तिचीच गंमत सांगायची आहे."